संपानंतरची मुले : मुंबईचे गुन्हेपट आणि गिरणगावचा प्रेक्षक

गुन्हेगारी जगतावरचा एखादा चित्रपट गाजू लागला की त्याच्या मागोमाग एक तक्रार ऐकू येते : असल्या चित्रपटांनी पोरे बिघडतात. तक्रार करणारे बहुधा अशा घरांतले असतात, जिथली पोरे या वाटेने बिघडण्याचा संभव फारसा नसतो. ती बिघडलीच तर अन्य मार्गांनी बिघडतात आणि त्याची वाच्यता होत नाही. असो. तक्रार आजची नाही. 'लिटल सीझर' आणि 'द पब्लिक एनिमी' हे दोन्ही अमेरिकी चित्रपट १९३१ साली, ऐन महामंदीत आले. आणि दोनच वर्षांनी, १९३३ मध्ये, हर्बर्ट ब्लूमर व फिलिप हाउजर या समाजशास्त्रज्ञांचा चित्रपट आणि गुन्हेगारी यांच्या संबंधांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्याकडे हा आरोप साहित्यालाही सोसावा लागला. भाऊ पाध्ये यांचा 'वासूनाका' १९६५ मध्ये निघाला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याच्यावर अश्लीलतेच्या मुद्द्यावरून हल्ला चढवला आणि नाक्यावरच्या पोरांची भाषा साहित्यात यावी की न यावी, यावर बरीच शाई खर्ची पडली.

नाक्यावरची पोरे स्वतः त्या वादात कुठेच नव्हती. गुन्हेपटांच्या चर्चेतही बव्हंशी तेच होत आले आहे. कामगारवस्तीतला तरुण प्रेक्षक आपण आधीच ठरवून टाकलेला असतो. तो भडकतो, अनुकरण करतो, शिट्ट्या मारतो. पडद्यावर जे चालले आहे ते तो आपल्या अनुभवाशी ताडून पाहत असेल, त्यातले खरेखोटे निवडत असेल, ही शक्यता समीक्षकाच्या मनाला शिवत नाही. प्रस्तुत लेखात मला तिचाच विचार करावयाचा आहे, आणि तोही एका विशिष्ट काळापुरता व वस्तीपुरता : १९७५ ते २०१० या दरम्यानचे मुंबईचे गिरणगाव. माझे म्हणणे थोडक्यात असे, की या प्रेक्षकाने गुन्हेपट मुख्यतः कामाविषयीचे चित्रपट म्हणून पाहिले. काम कोण देतो, मोबदला कसा ठरतो, वरचा माणूस कधी पाठीशी उभा राहतो आणि कधी हात झटकतो, आणि माणूस निकामी झाल्यावर त्याचे काय होते, या प्रश्नांवर त्या वर्षांत अन्य कोणताही लोकप्रिय चित्रपटप्रकार बोलत नव्हता.

सुरुवात 'दीवार'पासून करावी लागते. यश चोप्रांनी दिग्दर्शित केलेला आणि सलीम-जावेद यांनी लिहिलेला हा चित्रपट जानेवारी १९७५ मध्ये आला. त्याच्याविषयी बोलताना आपल्याला दोन भाऊ आठवतात, आई आठवते, पुलाखालची ती प्रसिद्ध भेट आठवते. सुरुवातीचा भाग मात्र हमखास विसरला जातो. त्यात काय घडते? कामगारांचा पुढारी असलेला बाप संपाचे नेतृत्व करतो. मालक त्याच्या बायकामुलांना ताब्यात घेऊन त्याच्याकडून हवा तो करार लिहून घेतो. कामगारांच्या दृष्टीने तो विश्वासघातकी ठरतो, परागंदा होतो, आणि त्याच्या थोरल्या मुलाच्या हातावर बाप चोर असल्याचे गोंदवले जाते. मग आई मुलांना घेऊन मुंबईला येते आणि इमारतीच्या बांधकामावर ओझी वाहते. म्हणजे हिंदी पडद्यावरच्या सर्वांत प्रसिद्ध तस्कराची कथा एका मोडलेल्या संपापासून सुरू होते. त्याच्या आदल्याच वर्षी, मे १९७४ मध्ये, देशव्यापी रेल्वे संप चिरडला गेला होता. प्रेक्षकाला संदर्भ शोधत हिंडण्याची गरज नव्हती. पुढे हा मुलगा गोदीत हमाल होतो, आणि त्याचे पहिले बंड कोणत्या कारणावरून होते, हेही पाहण्यासारखे आहे : हमालांच्या मजुरीतून हप्ता कापून घेणाऱ्यांना तो नकार देतो. मजुरीचा प्रश्न आधी येतो, तस्करी नंतर. अमिताभ बच्चनच्या 'संतप्त तरुणा'वर जे पुष्कळ लिहिले गेले त्यात 'संतप्त'वर भर राहिला. त्याच्या खांद्यावरच्या ओझ्याकडे दुर्लक्ष झाले.

यानंतर सात वर्षांनी, जानेवारी १९८२ मध्ये, मुंबईत आठवडाभराच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. ११ जानेवारीला वडाळ्यात मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. शहरातली पहिली 'चकमक' म्हणून तिचा उल्लेख वारंवार होतो. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही, आणि तो जोडण्याचा मोह आवरलेला बरा. परंतु पुढची वीस वर्षे या शहरातल्या कामगारवस्तीची जी गोष्ट सांगितली गेली, तिचे दोन्ही धागे त्या एका आठवड्यात हाती येतात.

संपात साठाच्या आसपास गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार होते. मागण्या पगारवाढीच्या, बोनसच्या आणि बदली कामगारांना कायम करण्याच्या होत्या. त्यांच्याइतकीच महत्त्वाची मागणी होती १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याविरुद्धची, कारण त्या कायद्याच्या आधारे राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच एकमेव मान्यताप्राप्त संघटना राहिली होती आणि कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडालेला होता. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. कोणी कामावर परतला, कोणाला परत घेतले नाही, कोणी कोकणात, साताऱ्याकडे, कोल्हापुराकडे गावी जाऊन बसला. संप संपल्याची तारीख नाही, ही गोष्ट इतिहासकाराला अडचणीची वाटेल. घरातल्या मुलांना ती फार वेगळ्या तऱ्हेने जाणवली असणार. बापाची नोकरी गेली असे कोणी जाहीर केलेले नाही, आणि तरी बाप घरी आहे. भोंग्यावर चालणाऱ्या वस्तीत भोंगा थांबला आणि पाळ्यांनुसार बेतलेले घराचे वेळापत्रक कोसळले. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पाळ्यांमुळेच सगळे मावत होते. एक माणूस कामावर असला म्हणजे दुसऱ्याला आडवे व्हायला जागा मिळे. आता सगळेच घरी. पोरांनी खोलीबाहेर, नाक्यावर उभे राहणे ही सवय होती की सोय, याचा निर्णय करताना हा हिशेब विसरता कामा नये. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखतींतून सिद्ध केलेला मौखिक इतिहास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, मराठीतही आला. ही सारी पडझड माणसांच्या स्वतःच्या बोलण्यातून समजून घ्यायची असेल तर त्याला पर्याय नाही.

येथे एक सोपे समीकरण मांडले जाते : संप मोडला आणि टोळ्या जन्मल्या. ते खरे नाही. सोन्याचांदीची तस्करी, हातभट्टी, मटका हे सारे त्याआधीचे आहे. 'दादा' ही संस्था तर गिरण्यांच्या जवळपास बरोबरीने वाढली. राजनारायण चंदावरकर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मुंबईचा जो अभ्यास केला आहे, त्यात जॉबर, वाणी, घरमालक आणि दादा हे एकाच जाळ्याचे धागे म्हणून दिसतात. जॉबर माणसे कामावर लावी, प्रसंगी त्यांना पैसे मिळवून देई. दादा तालमी चालवी, वस्तीतली भांडणे मिटवी, आणि संप घडवायला किंवा फोडायला उपयोगी पडे. तेव्हा दादागिरी आणि कामगारजीवन यांची ओळख जुनी होती. १९८२ नंतर बदलले ते असे, की जाळ्यातली गिरणी नाहीशी झाली आणि दादा उरला. माणसे कामावर लावणारा वस्तीत तोच एक राहिला.

एन. चंद्रा यांचा 'अंकुश' (१९८६) पाहताना हा फरक ध्यानात येतो. चार बेकार तरुण, नाका, आणि हातात न संपणारा वेळ. 'वासूनाका'तली पोरेही नाक्यावर उभी असतात. पण त्यांच्या टवाळीच्या मागे एक चालू शहर आहे. कामधंदा करणारी माणसे त्यांच्यासमोरून जात असतात, त्यांच्या घरांत कोणी ना कोणी मिळवते असते, आणि आज ना उद्या आपणही कुठे तरी चिकटू हे त्यांना, न बोलता, ठाऊक आहे. त्यामुळे पाध्यांना त्यांच्यावर हसता येते आणि त्यांच्याबरोबरही हसता येते. 'अंकुश'मधले हसणे पहिल्या अर्ध्या तासात आटते. वीस वर्षांत नाका तोच राहिला, चिकटण्याची जागा गेली. चित्रपटाचा उत्तरार्ध सूडकथेच्या वळणावर जातो आणि तिथे तो बराच भाबडा होतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच्या पूर्वार्धात बेकारीचे जे चित्रण आहे, म्हणजे उपदेश ऐकून घेणे, उसने पैसे, दुसऱ्यांच्या वराती पाहत उभे राहणे, ते प्रेक्षकांतल्या अनेकांनी चित्रपटगृहाबाहेर येताच पुन्हा सुरू केले असेल. त्यातली प्रार्थना पुढे शाळाशाळांतून म्हटली जाऊ लागली. बेकार पोरांच्या चित्रपटातून ती आली, हे आज ती म्हणणाऱ्या मुलांना कोणी सांगत नाही.

'अर्धसत्य' (१९८३) याच काळातला, आणि साहित्याच्या अभ्यासकांना अधिक परिचयाचा : श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्र्यांची कविता, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन. त्यातली नायिका साहित्याची प्राध्यापिका आहे आणि आमच्या व्यवसायाला साजेलसे तिचे म्हणणे नेहमी बरोबर असते व उपयोगी कधीच पडत नाही. वेलणकर हा पोलीस खात्यातल्या बापाचा मुलगा. त्याने कोणती नोकरी करावी हे बापाने ठरवले. त्या नोकरीत न्याय करण्याची मुभा नाही, हे त्याला कळत जाते. गुन्हेपटाच्या दुसऱ्या बाजूलाही, वर्दीच्या आतही, नोकरीचाच प्रश्न होता, एवढे येथे नोंदवून पुढे जातो. विधू विनोद चोप्रांचा 'परिंदा' (१९८९) कलादृष्ट्या या सर्वांहून उजवा असेल. माझ्या मुद्द्याला तो फारसा मदत करत नाही, कारण त्यातले जग बंद आणि जवळजवळ स्वप्नासारखे आहे.

'सत्या' मात्र सविस्तर पाहावा लागतो. जुलै १९९८ मध्ये आलेला हा चित्रपट रामगोपाल वर्मा यांचा. लेखन अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला यांचे. तिघांपैकी मुंबईत वाढलेला कोणी नाही, आणि भिकू म्हात्रे साकारणारे मनोज बाजपेयी बिहारचे. तरीही 'म्हात्रे' या आडनावाने जे केले ते लक्षणीय आहे. हिंदी चित्रपटात मराठी आडनाव बहुतेक वेळा हवालदाराच्या किंवा घरगड्याच्या वाट्याला येई. येथे ते टोळीच्या प्रमुखाला मिळाले, आणि त्याच्यासोबत बायकोशी कडाकडा भांडणारा, तिच्या हातून मार खाणारा, पुन्हा तिच्याशी गोडीत येणारा एक घरगुती मनुष्यही मिळाला. नाचगाण्यांच्या अड्ड्यावर पांढऱ्या बुटांत बसलेला जुना खलनायक घरी जाऊन काय करतो, हे आपल्याला कधी दिसले नव्हते. भिकू घरी जातो.

चित्रपटाचा नायक सत्या कुठून आला हे सांगितले जात नाही. तो मुंबईत येतो तेव्हा त्याला म्हशींच्या गोठ्यात राहायला जागा मिळते आणि बारमध्ये वेटरचे काम लागते. तिथे अपमान होतो, भांडण होते, तुरुंग घडतो. तुरुंगात भिकूशी ओळख होते, आणि बाहेर आल्यावर भिकू त्याला दोन गोष्टी देतो : काम आणि राहायला खोली. क्रम लक्षात घ्यावा. मुंबईत आलेल्या कोकणातल्या किंवा घाटावरच्या माणसाला एकेकाळी गाववाल्याकडून याच दोन गोष्टी मिळत. गावकीच्या खोलीत जागा आणि ओळखीने गिरणीत बदली. टोळीचे दैनंदिन व्यवहारही वर्मांनी कारखान्याच्या थंडपणाने दाखवले आहेत. खंडणीचे फोन करणे हे काम आहे. ते कसे करायचे याची रीत आहे. चुकले तर वरचा माणूस शिव्या घालतो. हिशेब ठेवणारा एक वयस्क कल्लू मामा आहे. आणि या सर्वांच्या वर भाऊ आहे, निवडणूक लढवणारा, ज्याला टोळी हवी तेव्हा हवी असते आणि अडचणीची होईल तेव्हा नको असते.

पाचसहा वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गात साहित्य आणि चित्रपट हा घटक शिकवताना 'सत्या'वर चर्चा झाली. नायकाच्या नैतिक अधःपाताचे टप्पे कोणते, असा एक ठरीव प्रश्न मी विचारला. सकाळी महाविद्यालय आणि दुपारनंतर कुरिअरची थैली अशी दुहेरी कसरत करणाऱ्या एका विद्यार्थ्याने उत्तर दिले, की अधःपात वगैरे काही दिसत नाही. त्याला नोकरी लागते, बढती मिळते, आणि साहेबाचा साहेब साहेबाला मारतो तेव्हा नोकरी जाते. वर्ग हसला. मी ते उत्तर वहीत टिपून घेतले, कारण चित्रपटाची रचना त्याने एका वाक्यात सांगितली होती.

भाऊ निवडून येतो आणि विजयाच्या आनंदात आपल्याकडे आलेल्या भिकूला गोळी घालतो. गुन्हेपटांच्या इतिहासात इतक्या कोरड्या रीतीने घडलेले मृत्यू थोडे आहेत. समोरासमोरची झुंज नाही, शेवटचे भाषण नाही. समुद्राकाठच्या खडकावर उभे राहून या शहराचा राजा कोण असे ओरडून विचारणारा माणूस (ऐकायला एक मित्र आणि समुद्र) एखाद्या कामगाराला निरोपाची चिठ्ठी मिळावी तसा संपतो. पुढे गणपती विसर्जनाच्या गर्दीत सत्या भाऊला मारतो आणि तिथून चित्रपट अधिक परिचित वळणावर जातो. प्रेक्षकांच्या आठवणीत रुतून बसला तो मात्र भिकूचा मृत्यू.

रॉबर्ट वॉरशो यांचा १९४८ चा गाजलेला निबंध येथे आठवणे अपरिहार्य आहे. अमेरिकी गँगस्टर हा आधुनिक शोकनायक होय, असे त्यांनी मांडले : गर्दीतून वर येणे म्हणजे एकाकी होणे, आणि एकाकी होणे म्हणजे मरणे, यशाचीच त्याला शिक्षा होते. सिद्धान्त देखणा आहे आणि आपल्याकडच्या समीक्षेने तो कमीअधिक प्रमाणात उचललाही आहे. भिकूला तो लागू होत नाही. भिकू यशस्वी झालेला नाही. तो मधल्या पायरीवरचा माणूस आहे. तो मरतो ते फार वर गेला म्हणून मरत नाही, वरच्याने सांगितलेले ऐकले नाही म्हणून मरतो. अॅरिस्टॉटलच्या मापाने ही शोकांतिका ठरेल की नाही याची मला शंका आहे. मुकादमाच्या मर्जीवर जगलेल्या वस्तीला मात्र या मृत्यूची रीत समजावून सांगावी लागत नाही.

आशिष नंदी यांनी लोकप्रिय हिंदी चित्रपटाला झोपडपट्टीच्या नजरेतून दिसणारे राजकारण म्हटले, त्यालाही या संदर्भात थोडी पुरवणी जोडावी लागते. गिरणगावची चाळ झोपडपट्टी नव्हे. चाळीला स्थैर्याची आठवण होती. पगाराचा ठरलेला दिवस, भविष्यनिर्वाह निधी, सोसायटीचे कर्ज, मंडळाचा गणपती, नाट्यमहोत्सव, कबड्डीचा संघ. या आठवणीशिवाय महेश मांजरेकरांचा 'वास्तव' (१९९९) समजत नाही. रघुनाथ नामदेव शिवलकर हा चाळीतला मुलगा नोकरी मिळत नाही म्हणून मित्रांबरोबर पावभाजीची गाडी टाकतो. स्वयंरोजगाराची जी शिफारस त्या काळी प्रत्येक बेकाराला केली जात होती ती तो शब्दशः पाळतो. गाडी चालतेही. मग एक गिऱ्हाईक पैशांवरून मस्ती करते, मारामारी होते, त्यात एक माणूस मरतो, आणि मेलेला माणूस टोळीवाल्याचा भाऊ निघतो. गाडी गेली, पोर टोळीत गेले. योगायोग ढोबळ आहे असे आपण म्हणू. पण रस्त्यावर गाडी लावून धंदा करणाऱ्याला विचारावे : फुकट खाणारे गिऱ्हाईक, हप्ता आणि महापालिकेची गाडी, या तिन्हींपैकी कोणता योगायोग?

'वास्तव'मधला जो प्रसंग सर्वाधिक नकलला गेला तो रघू घरी येऊन आईला गळ्यातली सोन्याची जाड साखळी दाखवतो तो. या प्रसंगाला पिटातून शिट्ट्या पडत आणि तेवढ्यावरून प्रेक्षक सोन्यावर भाळला असे अनुमान निघाले. तो प्रसंग पुन्हा पाहावा. मुलगा घरात पगार आणून देण्याची पद्धत येथे विद्रूप होऊन आली आहे. पगाराच्या दिवशी पाकीट आईच्या हाती द्यायचे, हा चाळीतला संस्कार होता. रघूजवळ पाकीट नाही, तो साखळी घेऊन येतो आणि तिचे वजन सांगतो. समोर रीमा लागू आणि शिवाजी साटम यांची आईबाप म्हणून जी अवघडलेली उपस्थिती आहे ती मांजरेकरांनी मराठी रंगभूमीवरून आणलेली आहे. शेवटी गृहमंत्र्यापर्यंत पोहोचलेला रघू त्याच गृहमंत्र्याला नकोसा होतो, आणि नशेने, भीतीने भ्रमिष्ट झालेल्या मुलाला आईच गोळी घालते. 'मदर इंडिया'ची ही पुनरावृत्ती आहे असे लगेच म्हटले गेले. फरक असा, की तिथे आई गावाच्या अब्रूसाठी मारते. येथे मुलगाच सुटका मागतो.

हाच सारा ऐवज रंगभूमीवर दोन वर्षे आधी आला होता. जयंत पवारांचे 'अधांतर' १९९७ चे. संपानंतरचे एक कुटुंब, धुरींचे : साहित्यिक होऊ पाहणारा बाबा, क्रिकेटात रमलेला मोहन, टोळीच्या नादी लागलेला नरू, बहीण मंजू, आणि या सर्वांना सांभाळणारी आई. गुन्हेगार हा चौघांपैकी एक आहे. नाटक त्याचे नाही. गुन्हेपटांनी जे गाळले ते यावरून कळते. तीन भावांना तीन प्रकारची बेकारी आहे आणि बहिणीचा प्रश्न चौथा, बहुधा सर्वांत बिकट. संपाच्या काळात आणि नंतर गिरणगाव जगले ते मोठ्या प्रमाणात बायकांच्या कष्टांवर : खाणावळी, पापड-लोणची, दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी. गुन्हेपटातली आई रडते, शाप देते, क्वचित गोळीही घालते. ती मिळवती आहे हे 'दीवार'नंतर जवळजवळ कोणी दाखवले नाही. प्रेक्षागृहातही मुलगेच होते. पिलाहाऊसच्या चित्रपटगृहांत किंवा दादर-परळच्या पिटात त्यांच्या बहिणी नव्हत्या, आणि गुन्हेपट हा प्रकार भावांशीच बोलत राहिला. याला केवळ उणीव म्हणून सोडून देता येणार नाही, कारण काम नाही हे दुःख पुरुषाचे आहे ही समजूत त्याने पक्की केली.

दुसरी गाळलेली गोष्ट जमीन. मुंबईतल्या गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने ती विकसित करताना तिचे वाटे करायचे ठरले, एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाचा. २००१ मध्ये नियमात असा बदल झाला की वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची व्हावी. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. मे १९९४ मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांची महालक्ष्मीजवळ भररस्त्यात हत्या झाली, १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत दत्ता सामंतांची. ज्या दशकात गिरणगावातली पोरे 'सत्या' आणि 'वास्तव' पाहत होती त्याच दशकात त्यांच्या पायाखालच्या जमिनीचा हा व्यवहार चालू होता. या दोन्ही चित्रपटांत भाई आहे, नेता आहे, पोलीस आहे. बिल्डर आलाच तर खंडणीसाठी धमकावला जाणारा म्हणून येतो. भाईचा भाई दाखवण्यापर्यंत गुन्हेपटाची मजल गेली. नियमावलीपर्यंत ती गेली नाही, आणि नियमावली पडद्यावर आणणे सोपेही नाही. 'अधांतर'वर आधारित 'लालबाग परळ' मांजरेकरांनी २०१० मध्ये केला तेव्हा गिरणीमालक आणि जमीन प्रथमच मध्यभागी आली. पण तोपर्यंत गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले होते. नाटकातल्या चार भिंतींतली घुसमट सोडून चित्रपटाने रक्तपाताची वाट धरली, हेही खरे. नरूने बाबाला आणि मंजूला मागे ढकलले.

त्या प्रेक्षकाची बसायची जागाही आता राहिलेली नाही. दादरचे चित्रा २०१९ मध्ये बंद झाले. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आहे, मॉलमध्ये बहुपडदा चित्रपटगृह आहे, आणि तिथल्या एका तिकिटाच्या पैशांत पिटातली अख्खी रांग बसली असती. जानेवारी २०२५ मध्ये 'सत्या' पुन्हा प्रदर्शित झाला तो अशा चित्रपटगृहांतून. ज्यांनी तो १९९८ साली पिटात बसून पाहिला त्यांची मुले तो मोबाइलवर, तुकड्यातुकड्यांनी पाहतात. खडकावरचा प्रसंग त्यांना पाठ आहे, गोठा आठवत नाही. तुकड्यांत पाहिलेल्या गुन्हेपटातून पहिल्यांदा गळते ते काम, आणि उरतो तो रुबाब. पोरे बिघडतात या तक्रारीत तथ्य असलेच तर ते येथे शोधावे.

मात्र कथेचा मूळ साचा मुंबईबाहेर जिवंत आहे. प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' नोव्हेंबर २०१८ मध्ये आला आणि पुणे जिल्ह्यात व आसपास तरुणांनी तो डोक्यावर घेतला. गिरणीच्या जागी येथे शेत आहे : पुण्यालगतच्या मुळशीत जमीन विकून बसलेला बाप, हातातले पैसे संपल्यावर शहरात हमाली, आणि मार्केट यार्डातल्या अपमानांतून टोळीकडे वळलेला मुलगा. 'दीवार'पासून चालत आलेला क्रम जवळजवळ जसाच्या तसा आहे, बापाची हार, स्थलांतर, हमाली, मग हत्यार. तरडे यांनी एक पाऊल पुढे टाकले. जमीन कोणी विकली, कोणी घेतली, मधल्या एजंटाने काय केले, हे त्यांनी पडद्यावर आणले, आणि विकणाऱ्या बापालाही मोकळे सोडले नाही. २०२१ मध्ये त्याचा हिंदी अवतार 'अंतिम' या नावाने आला. त्यात पोलीस अधिकाऱ्याची भूमिका सलमान खानने केली आणि चित्रपट त्या अधिकाऱ्याभोवती नव्याने बेतला गेला. सातबारा गमावलेला बाप त्यातही आहे. पण मूळ चित्रपटात ज्याच्या पडलेल्या चेहऱ्यावरून गोष्ट सुरू होते, तो तिथे कडेला उभा आहे.